फळं जास्त, चुरा कमी: घरच्यांसाठी हलकं ॲपल क्रम्बल

क्रम्बल म्हणजे फळांच्या फोडींवर पीठ, बटर आणि साखरेचा चुरा पसरून भाजलेला इंग्लिश गोड पदार्थ. त्याबद्दल नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘घरात दोन लहान मुलं आहेत आणि सासूबाईंना मधुमेह आहे. सगळ्यांना चालेल असं पौष्टिक ॲपल क्रम्बल करायचं म्हणून मैदा काढून दीड वाटी ओट्स घातले, साखरेऐवजी पाऊण वाटी गूळ, दोन मोठे चमचे मध आणि अर्धी वाटी खजूर घातला. बटर फक्त दोन चमचे. वरचा थर वरून कोरडा भुगा आणि खालून चिकट लगदा झाला. मुलांनी सफरचंद खाऊन वरचं ताटलीत ठेवलं. काय चुकलं, आणि हे खरंच पौष्टिक झालं होतं का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. नाही, फारसं नाही. पाऊण वाटी गूळ आणि दोन मोठे चमचे मध यांतली साखर सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर जाते. सहा जणांत वाटली तर माणशी वीस ग्रॅम, आणि खजुराची वेगळीच. खजुराचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन साखरेचंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसभरात एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, सहा छोटे चमचे. लहान मुलाला त्याहून कमी. मध आणि गूळ दोन्ही या हिशेबात साखरेसारखेच धरायचे. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडंफार लोहही आहे. पण सासूबाईंच्या रक्तातल्या साखरेला तो उसाच्या शेतातून आला की कारखान्यातून, याने काही फरक पडत नाही.

‘पौष्टिक’ म्हणून ज्या पाककृती फिरतात त्यांत बहुतेक वेळा हेच होतं. जिन्नसांची नावं बदलतात, प्रमाणं तीच राहतात. मैद्याच्या जागी ओट्स, साखरेच्या जागी गूळ, बटरच्या जागी खोबरेल तेल. खोबरेल तेलात संपृक्त चरबी बटरपेक्षाही जास्त असते, हे कुणी सांगत नाही. क्रम्बल हलकं करायचा खरा मार्ग जिन्नस बदलण्यात नाही, ताटलीत फळ किती आणि चुरा किती या हिशेबात आहे. फळांचा थर जाड, वरचा थर पातळ. फळांत वरून घातलेली साखर जवळजवळ नाही, जी घालायची ती वरच्या चुऱ्यात, जिभेला पहिल्यांदा लागेल तिथे. आणि बटर कमी करायचं, पण काढून टाकायचं नाही.

मुळात हा पदार्थच काटकसरीचा. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून लोणी आणि साखर रेशनवर गेली, आणि ‘पाय’ नावाच्या फळं भरून भाजलेल्या पदार्थाचं आवरण लाटायला लागणारं पीठ-लोणी परवडेना, तेव्हा त्याचाच चुरा करून फळांवर भुरभुरायची पद्धत घराघरांत रुळली, असं तिकडे सांगतात. पुढे रेशन गेलं, सुबत्ता आली आणि चुऱ्याचा थर वाढत गेला. आज इंग्लिश पुस्तकांतलं सर्वसाधारण प्रमाण वजनाने दोन भाग मैदा, एक भाग बटर, एक भाग साखर असं असतं. सहा जणांसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 बटर, 100 साखर, शिवाय फळांत आणखी 100 ग्रॅम साखर. म्हणजे माणशी तेहेतीस ग्रॅम साखर, कस्टर्ड ओतायच्या आधीच.

त्या फळांतल्या साखरेलाही कारण आहे. तिकडे क्रम्बलला ब्रॅम्ली नावाचं खास शिजवायचं सफरचंद वापरतात. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी पेरली, त्यातून ते पहिलं झाड उगवलं. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं आणि फळाला त्याचं नाव चिकटलं. बी लावणारी बाजूलाच राहिली. हे सफरचंद इतकं आंबट की कच्चं खाववत नाही, आणि शिजलं की फुलून त्याचा मऊ गर होतो. त्याला साखर लागतेच. आपल्या बाजारात येणारं शिमल्याचं किंवा काश्मीरचं लाल डिलिशियस जातीचं सफरचंद आधीच गोड आणि आंबटपणात कमी. त्याला इंग्लिश पाककृतीतली साखर जशीच्या तशी घालणं म्हणजे शिऱ्यावर पाक ओतणं. आपल्या सफरचंदाला साखर नको, लिंबू हवं. ही एक गोष्ट समजली की निम्मी साखर तिथेच वाचते.

आता तुमच्या भुग्याकडे आणि लगद्याकडे येऊ.

चुरा कुरकुरीत होतो तो तीन गोष्टींनी. स्निग्धांश पिठाच्या कणांभोवती बसतो, त्यामुळे पीठ पाणी पिऊन चिकट होत नाही. साखर भट्टीत विरघळते आणि गार होताना कडक होते, दाताखालचा ‘कुर्र’ तिचा. आणि वाफ बाहेर जायला वाट मिळते. तुमच्याकडे दीड वाटी ओट्सला दोन चमचे बटर होतं, म्हणजे बहुतेक ओट्सला बटर लागलंच नाही. ते वरच्या बाजूला नुसतेच वाळले. खालच्या ओट्सनी कच्च्या सफरचंदाचं सुटलेलं पाणी शोषलं, आणि त्यात गूळ-मध विरघळून खीर झाली. त्यातून ओट्स झटपट शिजणारे असतील तर ते पाणी आणखी लवकर पितात. भांडं खोल काचेचं असणार असाही माझा अंदाज आहे. खोल भांड्यात वाफ वर येते आणि चुऱ्यातच अडकते.

क्रम्बलच्या चुऱ्यात एक मोठी सोय आहे, ती केकमध्ये नाही. केक फुगायला आणि धरून राहायला ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठातलं चिवट प्रथिन, लागतं, म्हणून निव्वळ ज्वारीचा केक करायला गेलं की तो फुटतो. चुऱ्यात मात्र ग्लुटेन नकोच असतं. ते तयार झालं तर चुरा चिवट होतो. म्हणून आपली ज्वारी, नाचणी, अगदी थोडं बेसनसुद्धा इथे मैद्यापेक्षा चांगलं वागतं. ज्वारीने खुसखुशीतपणा येतो, रंग सौम्य राहतो, मुलांना कळतही नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण ती जास्त झाली की चुरा काळपट दिसतो आणि घशाशी बसतो. एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मी घालत नाही. बाजरीचं पीठ ताजं दळलेलं असेल तरच घ्या. ते चार-आठ दिवसांत कडवट होऊ लागतं आणि भट्टीत तो कडवटपणा लपत नाही, उठून दिसतो. कुठलंही पीठ असो, कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून पूर्ण गार करून घ्या. कच्चा वास जातो आणि खमंगपणा आला की गोडी कमी असल्याचं जाणवत नाही.

ओट्स मात्र जाड पोह्यांसारखे दिसणारे, ‘रोल्ड’ लिहिलेले घ्या. पुडीतले मसाला ओट्स नकोतच, आणि झटपट शिजणारे शक्यतो नकोत. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू असतो. रोज तीन ग्रॅमच्या आसपास तो पोटात गेला तर कोलेस्टेरॉल थोडं उतरायला मदत होते, हे नीट तपासलेलं आहे. पण क्रम्बलच्या एका वाढपात ओट्स येतात तेरा-चौदा ग्रॅम, त्यात हा तंतू अर्धा ग्रॅम. तेव्हा ओट्स चवीसाठी आणि पोतासाठी घाला, औषध म्हणून नको.

माझं रोजच्या वापरातलं प्रमाण देते. साधारण सहा जणांसाठी एक किलो सफरचंदं. बिया-दांड्या काढून साडेआठशे ग्रॅम भरतात. साल ठेवायची. तंतू तिथेच जास्त असतो, आणि दोन सेंटिमीटरच्या फोडींची साल शिजल्यावर दातांत येत नाही. मेण लावलेली चकचकीत फळं असतील तर मात्र कोमट पाण्यात चोळून धुवा, नाहीतर सोला. एका मोठ्या लिंबाचा रस, पाव चमचा दालचिनी पूड, चिमूटभर जायफळ. साखर शून्य. चुऱ्याला 80 ग्रॅम ओट्स, 40 ग्रॅम भाजलेलं ज्वारीचं पीठ, 40 ग्रॅम बदाम किंवा अक्रोड जाडसर कुटून, 40 ग्रॅम साखर किंवा गुळाची पावडर, आणि 50 ग्रॅम थंड बटर. मिठाचं पिवळं बटर असेल तर वेगळं मीठ नको, बिनमिठाचं असेल तर एक चिमूट घालाच. गोड पदार्थात मीठ विसरणं हा कमी साखरेच्या पाककृतींचा हमखास दोष असतो.

याचा हिशेब मांडला तर माणशी पावणेतीनशे-दोनशे ऐंशी उष्मांक पडतात, वरून घातलेली साखर सात ग्रॅमच्या आत, बटर आठ-नऊ ग्रॅम. मघाच्या इंग्लिश प्रमाणाने तेच साडेचारशेच्या घरात जातं. कुठलाही जिन्नस ‘वर्ज्य’ न करता.

आता कृती. सफरचंदाच्या फोडी, लिंबूरस आणि दोन मोठे चमचे पाणी जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत घाला, झाकण ठेवा, मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. मध्ये एकदा कढई हलवा, डाव घालून ढवळू नका. झाकण काढून फोड बघा. कडा पारदर्शक झालेल्या आणि मध्ये अजून पांढरी रेघ दिसतेय, सुरी टोचली की आत जाताना थोडी अडते, अशा वेळी गॅस बंद. तळाशी दोन-तीन चमचे रस दिसेल तेवढा बरोबर. त्याहून जास्त असेल तर फोडी बाजूला काढून रस एकटाच आटवा आणि परत त्यांच्यावर घाला. फेकू नका, सगळा वास त्यात आहे. मग दालचिनी-जायफळ. फळ आधी असं शिजवून घेतलं की भट्टीत ते पाणी सोडत नाही, आणि चुरा भाजायला लागेल तेवढाच वेळ द्यावा लागतो. तुमचा लगदा टाळायचा हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

चुऱ्यासाठी ओट्सपैकी तिसरा हिस्सा मिक्सरमधून एकदाच फिरवून रवाळ करा, बाकीचे तसेच राहू देत. पीठ, ओट्स, साखर एकत्र करून बटर त्यात चोळायचं. करंजीच्या पारीला किंवा शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच, फक्त मोहन गरम घालतो आणि इथे बटर फ्रीजमधलं हवं. उन्हाळ्यात हातावर वितळायला लागलं तर बटरची वडी फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसा आणि पिठात बोटांच्या टोकांनी मिसळा, तळव्याने नाही. परीक्षा तीच आपली जुनी: मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने टोकरला की फुटला पाहिजे. नुसता भुगा पडत असेल तर एक-दोन छोटे चमचे थंड दूध शिंपडा, आणखी बटर घालू नका. शेवटी सुकामेवा घालून मुठीमुठीने दाबा आणि फोडा, म्हणजे काही गोळे हरभऱ्याएवढे, काही शेंगदाण्याएवढे आणि काही चुरा असा मिश्र माल होईल. सगळं एकसारखं बारीक झालं तर ते फळांवर घट्ट थर धरून बसतं आणि वाफ कोंडते. वेळ असेल तर हा चुरा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

साजूक तूप वापरायचं असेल तर बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, तुपात जवळजवळ सगळाच, हे लक्षात ठेवून 50 ऐवजी 40 ग्रॅम घ्या. तूप थिजलेलं हवं, पातळ नको. तुपात पाणी नसल्याने दुधाचे दोन छोटे चमचे लागतातच. चव बेसनाच्या लाडवाकडे झुकते, आमच्याकडे म्हाताऱ्या मंडळींना हीच आवडते. तेलही चालतं, 40 ग्रॅम, वास नसलेलं. संपृक्त चरबी कमी करायची असेल तर खरा बदल हा. चुरा थोडा वाळूसारखा होतो, गोळे कमी धरतो, पण कुरकुरीत असतो.

भांडं पसरट घ्या, वीस बाय पंचवीस सेंटिमीटर किंवा तेवीसचा गोल टिन. फळांचा थर दोन-अडीच सेंटिमीटर, चुरा त्याच्या निम्म्याने. चुरा हलक्या हाताने पसरा, थापू नका, आणि कडेला दोन-तीन ठिकाणी फळ उघडं राहू द्या, वाफेला वाट राहते. ॲल्युमिनियमचा टिन असेल तर भाजून झाल्यावर उरलेलं त्यात ठेवू नका, आंबट फळांनी धातूची चव उतरते. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, तडकतं. ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, 180 अंशांवर, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू, दहा मिनिटं आधी तापवलेला. मधल्या कप्प्यात पंचवीस ते तीस मिनिटं. गूळ वापरला असेल तर 170 वर, कारण तो साखरेच्या आधी लालसर होतो आणि करपायलाही वेळ लावत नाही. कडेने रस जाडसर बुडबुडे काढायला लागला आणि चुरा बिस्किटाच्या रंगावर आला की काढा. बाहेर काढल्या काढल्या तो मऊच लागेल, घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटं उघडाच ठेवला की कडक होतो. इथे बरेच जण घाईने वरून झाकण किंवा फॉइल लावतात आणि भाजलेला चुरा स्वतःच्याच वाफेने भिजवून टाकतात.

ओटीजीच्या खुंट्यावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. लहान ओटीजीत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर एकदा घेतला की डोक्याला शांतता. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर करा, नुसत्या मायक्रोवेव्हवर चुरा कधीच होणार नाही. एअर फ्रायरमध्ये पंखा हलका चुरा उडवतो, म्हणून छोट्या वाट्यांत, 160 वर, आणि पहिली काही मिनिटं वर जाळीदार स्टँड उलटा ठेवून.

ओव्हनच नसेल तरी अडत नाही, आणि खरं सांगायचं तर कमी बटरच्या चुऱ्याला ही रीत ओव्हनपेक्षा सरस ठरते. जाड कढईत तूप घालून ओट्स, पीठ, सुकामेवा मंद आचेवर लाडवाच्या भाजणीसारखा खमंग होईपर्यंत परता. आच बंद करून शेवटी साखर आणि चमचाभर दूध शिंपडून पटकन हलवा, ताटात पसरून गार होऊ द्या. गार होताना तो आपोआप गोळे धरतो. शिजवलेली फळं वाटीत, त्यावर हा चुरा, खायच्या क्षणी. मऊ पडायचा प्रश्नच नाही. बेक्ड म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

फळांबद्दल थोडं सविस्तर, कारण सफरचंदावरच अडून राहायचं कारण नाही. माझं आवडतं क्रम्बल पेरूचं. थंडीत पिकत आलेले, दाबले तर जेमतेम दबणारे पांढरे पेरू घ्या. चार फोडी करून मधला बियांचा भाग चमच्याने खरवडून वेगळा काढा. तो गर थोड्या पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळणीवर डावाने घासा. खाली जो दाट, किंचित गुळगुळीत गर पडतो तो बाहेरच्या भिंतींच्या फोडींवर ओता. पेरूत पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारा फळांतलाच घटक, इतकं असतं की कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही, रस आपोआप धरला जातो. बिया तशाच ठेवल्या तर भाजल्यावर खड्यासारख्या लागतात, म्हणून हा खटाटोप. लिंबू, चिमूटभर सुंठ, आणि चुऱ्यात थोडी खसखस. निम्मा पेरू, निम्मं सफरचंद घेतलं तरी छान.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, डिसेंबर ते मार्च. वास अप्रतिम, पण पाणी फार. चुलीवर आधी शिजवली तर विरून जाते. तिला कच्चीच घ्या, पण निम्मं सफरचंद मिसळा आणि पाव किलोला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट चोळा. पावसाळ्याच्या तोंडाला हिमाचलचे प्लम आणि पीच येतात. क्रम्बलसाठी त्याहून चांगलं फळ आपल्या बाजारात नाही. प्लमची साल आंबट, आत गोड, भाजल्यावर लालभडक रस. प्लमला लिंबूही नको, फक्त आठवडाभर वाट न बघता आणल्या दिवशी करा. एप्रिलमध्ये शीतगृहातली फिकी सफरचंदं मिळतात, त्यात एक कैरी किसून घाला. तिकडे यॉर्कशरमध्ये रुबार्बच्या आंबट देठांचं जे काम असतं, ते आपल्याकडे कैरी झकास करते. अननसाचे तुकडे शिजवून, रस निथळून. सोबत दही वाढणार असाल तर अननस शिजलेलाच हवा, कच्च्या अननसाने दही कडवट होतं.

काही फळांच्या वाटेला जाऊ नका. चिकू नुसता गोड, त्यात आंबटपणाच नाही. सीताफळ तापवलं की कडू होतं. केळं काळं आणि बुळबुळीत पडतं. हापूस भाजणं हा गुन्हा नसेल, पण माझ्या वर्गात मी करू देत नाही. आणि नाशिककर म्हणून द्राक्षांचं विचारणारच असाल तर सांगते: एकटी द्राक्षं नकोत, साली सुटतात आणि सगळं पाणीच पाणी होतं. सफरचंदात मूठभर काळी बिनबियांची द्राक्षं अर्धी चिरून टाकली तर मात्र जागोजागी गोड घास लागतो, साखर नसल्याची उणीव तिथे भरून निघते. बेदाणे आणि खजूर यांचंही काम हेच, पण चमचा-दोन चमचे, वाटीभर नाही.

सासूबाईंबद्दल. कमी साखरेचं झालं म्हणून मधुमेहाला मोकळं झालं असं नाही. सफरचंदाची स्वतःची साखर आहे, ओट्स-ज्वारीत पिष्ट आहे. त्यांना लहान वाटीभर द्या, फळ जास्त आणि चुरा दोन चमचे. जेवणानंतर वेगळं ‘गोड’ म्हणून देण्याऐवजी त्या जेवणातली एक पोळी किंवा भात कमी करून त्याच्या जागी. चार वाजता रिकाम्या पोटी, चहाबरोबर नको. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजून बघा. प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं, आणि तो आकडा माझ्या सल्ल्यापेक्षा खरा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं चालू असतील तर पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. कृत्रिम गोडीची पावडर फळांत चालेल, चुऱ्यात तिने कुरकुरीतपणा येत नाही, त्यामुळे तिथे अर्धीच साखर ठेवून बाकीचं काम भाजलेल्या बदामाला करू दे.

मुलांसाठी काही सूचना. पाच वर्षांखालच्या मुलाच्या वाढपात अख्खा किंवा जाड सुकामेवा नको, घशात अडकू शकतो, पूड करून घाला. वर्षाच्या आतलं बाळ घरात कुणाचं असेल तर त्याला मधाचा थेंबही नको, शिजवलेल्या पदार्थातूनही नाही. आणि गोडी एकदम उतरवू नका. आज दोन भाग साखर घालत असाल तर पुढच्या वेळी दीड, मग एक. जीभ सवयीची असते, दोन-तीन आठवड्यांत मुलांना जुनंच जास्त गोड वाटायला लागतं. चुरा चोळायचं काम त्यांच्याकडे द्या, बोटं थंड आणि लहान असल्याने ते खरोखर आपल्यापेक्षा चांगलं करतात.

सोबत काय? इंग्लंडात कस्टर्ड. आपण ज्याला कस्टर्ड म्हणतो ती पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने केली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. मुख्यतः मक्याचं पिष्ट, त्यात रंग आणि वास. एवढी साखर वाचवून त्यावर साखर घातलेलं कस्टर्ड किंवा आइस्क्रीम ओतायचं म्हणजे हिशेब पुन्हा होता तिथे. त्यापेक्षा घरच्या दह्याचा चक्का टांगा, साखर न घालता फेटा, वेलची आणि दोन चमचे दूध. गरम आंबट-गोड सफरचंदावर थंड चक्क्याचा गोळा. प्रथिनंही येतात, आणि पोट भरल्याने दुसरी वाटी कुणी मागत नाही.

चुरा नेहमी दुप्पट करा. न भाजलेला चुरा हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन-अडीच महिने चांगला राहतो, आणि गोठलेलाच फळांवर टाकायचा असतो, वितळवायचा नाही. तयार क्रम्बल फ्रीजमध्ये दोन दिवस. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, ओटीजीत 160 वर दहा मिनिटं किंवा झाकण न ठेवता तव्यावर मंद आचेला. सकाळी उरलेलं थंडच दह्यात कालवून खाल्लं तर न्याहारी होते. डब्यात द्यायचं असेल तर फळं एका कप्प्यात आणि तव्यावर परतलेला चुरा दुसऱ्यात.